एका बादलीत लाख कोटी

वीस लिटरची एक बादली. पांढरी, झाकणाची, रंगाच्या दुकानाबाहेर रचून ठेवलेल्या असतात ना, तशीच. घरी पहिल्यांदा बिअर बनवणारा माणूस जगात कुठेही असो, त्याची सुरुवात बहुधा एवढ्याच मापाने होते: वीस लिटर पाणी, चार किलो मोड आणून वाळवलेले जव, मूठभर हॉप्सची फुले आणि यीस्टचे अकरा ग्रॅमचे एक पाकीट. बस्स! आणि या बादलीत पुढच्या चार दिवसांत जे आकडे उसळतात, ते ऐकून माणसाला जागीच बसावे लागते.

हे आकडे आपण भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या करडीत बसून मोजणार आहोत, धानाच्या बांध्यांच्या आणि वैनगंगेच्या साक्षीने. मोजणारच फक्त, बनवणार नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली नावाच्या ब्रुअरीने ताजी बिअर तिथल्या तिथे बनवून द्यायला सुरुवात केली, तीही परवाना घेऊनच. अमेरिकेत मात्र १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर! तेव्हा बादली न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घराच्या तळघरात आहे असे समजा. मापे मात्र आपली: विहीर, मालगाडी, रुपया आणि मुंबई-पुणे.

चला, जवापासून सुरू करू. चार किलो जव म्हणजे किती दाणे? सुमारे एक लाख. ते भरडायचे, गरम पाण्यात तासभर भिजवायचे, गोड पाणी गाळून घ्यायचे आणि तासभर खळाखळा उकळायचे. या एका उकळीला लागणारी उष्णता साधारण १७ दशलक्ष ज्यूल. आकडा कोरडा वाटतो? मग असे बघा. एवढ्या ऊर्जेत एक टन ओझे समुद्रसपाटीपासून उचलून थेट कळसूबाईच्या माथ्यावर नेता येते, १,६४६ मीटर, आणि तरीही थोडी ऊर्जा उरते. घरच्या शेगडीवर, एका पातेल्यात, एका दुपारी, एक टन कळसूबाईवर! आणि अजून तर आपण पाकीटही फोडलेले नाही.

आता ते पाकीट फोडू. आत फिकट तपकिरी रवा दिसतो. तळहातावर घेतला तर फुंकरीने उडेल इतका हलका. कोमट पाण्यावर चिमूटभर भुरभुरवला की आधी तरंगतो, मग ओला होऊन बुडतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत पाण्यावर मऊ, दाट फेस चढायला लागतो. पाव करणाऱ्यांनी हा फेस हजारदा पाहिला असेल. पावाचे यीस्ट आणि या बिअरचे यीस्ट एकाच जातीचे, फक्त वाण वेगवेगळे.

या रव्याच्या एका ग्रॅममध्ये ढोबळमानाने हजार कोटी जिवंत पेशी असतात. एका ग्रॅममध्ये! म्हणजे अकरा ग्रॅमच्या पाकिटात अकरा हजार कोटी. पृथ्वीवर माणसे आहेत आठशे कोटींच्या आसपास. शर्टाच्या खिशात मावणाऱ्या पाकिटात तेरा पृथ्व्यांची लोकसंख्या! आपल्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत बारा लाख होती. त्या हिशेबाने पाकिटात नव्वद हजारांहून जास्त भंडारा जिल्हे बसतात. प्रत्येक जिल्ह्यात बारा लाख रहिवासी, सगळे जिवंत आणि सगळे उपाशी.

मोजून बघायचे? दर सेकंदाला एक, न थांबता, न झोपता, न जेवता. समजा शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, १६७४ मध्ये, मोजायला बसलो. पेशवाई आली नि गेली, इंग्रजी राज्य आले नि गेले, संयुक्त महाराष्ट्र झाला, आपण मोजतोच आहोत. आज कुठवर पोचलो असतो? पाकिटाच्या एक दशांशापर्यंत. नऊ दशांश अजून बाकी!

आणि ही नुसती गंमत नाही. नवख्याची पहिली बादली बिघडत नाही, त्यामागे हाच आकडा आहे. उकळून निववलेल्या गोड पाण्यावर फक्त यीस्टचाच डोळा असतो असे नाही. हवेतले, हातावरचे, बादलीच्या ओरखड्यात दडलेले जिवाणूही टपलेले असतात. त्यांतले चपळ जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. वीस मिनिटांत! एकाचे दहा तासांत शंभर कोटींवर. पण तुम्ही बादली, झाकण, पळी, नळी नीट धुऊन निर्जंतुक केली आणि तरी समजा हजार जिवाणू वाचले, तर समोर कोण उभे आहे? अकरा हजार कोटी. एका जिवाणूमागे अकरा कोटी यीस्ट! जगाच्या इतिहासात कोणत्या सेनापतीला असे पारडे मिळाले? म्हणून मुरलेले लोक नवख्याला मसाले, वाण, चवी काही सांगत बसत नाहीत. भांडी घासा, पाकीट पूर्ण टाका, झाकण लावा आणि उघडू नका, एवढेच सांगतात. बाकीचे काम संख्याच करते. मला या साऱ्या छंदात हेच सर्वात थोर वाटते. शिकाऊ माणसाच्या हाताखाली पहिल्याच दिवशी तेरा पृथ्व्यांचे मनुष्यबळ!

पाकीट पडले. आता पेशी वाढतात. अकरा हजार कोटींचे बावीस, बावीसचे चव्वेचाळीस, चव्वेचाळीसचे अठ्ठ्याऐंशी. तीनदा दुप्पट, वर थोडी भर, की बादलीत दर मिलिलिटरला पाच कोटी पेशी होतात. वीस लिटर म्हणजे वीस हजार मिलिलिटर. करा गुणाकार. एक लाख कोटी!

लाख कोटी हा आकडा आपण अर्थसंकल्पाच्या बातमीत ऐकतो आणि पुढे जातो. आज पुढे जायचे नाही. एका पेशीमागे एक रुपयाचे नाणे ठेवा, २०११ नंतरचे, पावणेचार ग्रॅमचे. वजन किती झाले? सुमारे अडतीस लाख टन. कोळशाची अठ्ठावन्न डब्यांची मालगाडी तुम्ही भंडारा रोड किंवा तुमसर रोडला धडधडत जाताना पाहिली असेल. डबे मोजता मोजता मुले दमतात ती. तिच्यात मावतो साधारण पावणेचार हजार टन माल. म्हणजे आपली नाणी न्यायला लागतील एक हजार मालगाड्या! एकामागे एक चिकटून उभ्या केल्या, तर शेवटचा डबा नागपूरला आणि पहिले इंजिन नाशिक रोडला. साडेसहाशे किलोमीटर नुसती मालगाडी, आणि प्रत्येक डब्यात पेलेल तेवढे रुपये भरलेले.

गाड्या नकोत? मग नाणी एकावर एक रचा. मनोरा चढत चढत चंद्रावर पोचतो, परत पृथ्वीवर येतो, पुन्हा चंद्र गाठतो आणि परतीची पाऊण वाट कापतो. साडेचौदा लाख किलोमीटर. एका बादलीतल्या पेशींचा हा मनोरा आहे, विसरू नका.

बरे, नाणी बाजूला ठेवू आणि पेशीच ओळीने मांडू. एक पेशी साधारण सहा मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या पट्टीवर एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत दीडशेहून जास्त बसतील. लाख कोटींची ओळ लागते सहा हजार किलोमीटर. मुंबईहून पुणे, दीडशे किलोमीटर, अशा चाळीस खेपा. गोंदियाहून सुटून कोल्हापूरपर्यंत अख्खा महाराष्ट्र आडवा कापणारी महाराष्ट्र एक्सप्रेस साडेतेराशे किलोमीटर धावते. तिच्या चार फेऱ्या होऊन ही ओळ अजून शिल्लक राहते.

पेशींची कातडी सोलून जमिनीवर पसरली तर? बाराशे चौरस फूट. म्हणजे एक प्रशस्त फ्लॅट, बैठकीच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत! याच कातडीतून साखर आत जाते आणि दारू बाहेर येते. बादलीला तोंड एक, पण तिच्या पोटात बाराशे चौरस फुटांचा दरवाजा सताड उघडा.

आता थोडे आत जाऊ. या यीस्टची संपूर्ण जनुकीय पोथी शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये वाचून काढली. अक्षरे निघाली सव्वा कोटीच्या आसपास, जनुके सुमारे सहा हजार. ही पोथी ज्या डीएनएच्या धाग्यावर लिहिली आहे तो धागा उलगडला तर चार मिलिमीटर लांब भरतो. पेशी सहा मायक्रॉनची आणि धागा तिच्या सहा-सातशे पट! बादलीतल्या सगळ्या पेशींमधली एकेक प्रत काढून धागे टोकाला टोक जोडा. चाळीस लाख किलोमीटर! चंद्राच्या दहापट अंतर. मुंबई-पुण्याच्या भाषेत सांगायचे तर सव्वीस हजारांहून जास्त खेपा, रोज एक केली तरी सत्तर वर्षांहून अधिक. बिअर बनवण्याच्या वाणांत बहुधा प्रत्येक पोथीच्या एकाहून जास्त प्रती असतात, ते सोडूनच दिले.

आणि हा सारा पसारा मावतो कुठे? काम संपले की पेशी तळाशी बसतात. मधले पाणी वगळून निव्वळ पेशींचा आकार मोजला तर सव्वाशे मिलिलिटरही भरत नाही. चहाचा एक कप!

कपभर यीस्टची भूक आता बघा. चार दिवसांत ते सुमारे दीड किलो साखर खाते. स्वतःच्या वजनाच्या तेरा-चौदा पट. साठ किलोच्या माणसाने असे जेवायचे ठरवले तर त्याला चार दिवसांत पन्नास किलोची सोळा पोती साखर संपवावी लागेल. सोमवारी चार, मंगळवारी चार, बुधवारी चार, गुरुवारी चार! एवढे खाल्ल्यावर अंगही तापणारच. उष्णता बाहेर जाऊच दिली नाही तर बादलीचे तापमान नुसत्या या मेजवानीने दहा-अकरा अंशांनी चढेल. या यीस्टच्या बऱ्याच वाणांना हवे असतात अठरा ते बावीस अंश. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसकडे धावताना, ही बादली कुठे ठेवावी हा प्रश्न नवख्याला पहिल्याच दिवशी पडला असता.

साखर गेली तिची दोन रूपे झाली, एक दारू आणि एक वायू. वायूचे आकडे ऐका. वीस लिटरच्या बादलीतून बाहेर पडतो सुमारे चारशे लिटर कर्बवायू. बादलीच्या वीसपट! झाकणावरच्या पाण्याच्या नळीतून तो बुडुक बुडुक करत निघतो. एक बुडबुडा एक मिलिलिटरचा धरला तर चार लाख बुडबुडे. पहिल्या रात्री नवखा माणूस या आवाजाने हरखून बादलीजवळच बसून राहतो असे म्हणतात, आणि मला ते अगदी पटते.

हा वायू हवेपेक्षा दीडपट जड. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत याच वायूसाठी होती. कंदील विझला की उतरायचे नाही. म्हणून बादली कोंदट खोलीत ठेवू नये, खिडकी उघडी हवी. चार मीटर व्यासाची, दहा मीटर खोल विहीर घ्या. तिच्यात सव्वा लाख लिटर मावते. अमेरिकेतल्या त्या घराने वर्षाचे ७५७ लिटर पूर्ण बनवले, तर आठ-साडेआठ वर्षांत नुसत्या वायूने ही विहीर काठापर्यंत भरेल.

विहिरीचा विषय निघालाच आहे तर हेही घ्या. साऱ्या जगात वर्षाला बिअर बनते सुमारे एकोणीस हजार कोटी लिटर. आपल्या मापाच्या पंधरा लाख विहिरी! पण थांबा, वैनगंगेवरचे गोसीखुर्द धरण डोळ्यांपुढे आणा. त्याची एकूण साठवण सुमारे १,१४६ दशलक्ष घनमीटर. जगाची वर्षभराची सगळी बिअर त्यात ओतली तर धरण भरेल फक्त एक षष्ठांश. जगाला पुरून उरणारी बिअर आणि ती आपल्या एका धरणाच्या तळाशी! आपल्या नदीचा आवाका या आकड्याने मला जसा कळला, तसा तिच्या पुलावरून जाताना कधी कळला नव्हता.

मोठे झाले, आता पुन्हा लहान होऊ, कारण खरी चक्कर तिथेच येते. बादलीत पाच टक्के दारू तयार झाली, म्हणजे एक लिटर. या एका लिटरमध्ये दारूचे रेणू किती? एकावर पंचवीस शून्ये. वाचताना सांगायचे तर दहा हजार कोटी कोटी कोटी. कळले काही? नाही ना! मग एका रेणूमागे तांदळाचा एक दाणा घ्या. भंडाऱ्याच्या माणसाला तांदूळ काय ते सांगावे लागत नाही. पन्नास दाण्यांचा एक ग्रॅम, पन्नास हजारांचा एक किलो. आता हे दाणे आपल्या महाराष्ट्रावर पसरायला घ्या, सिरोंच्यापासून सिंधुदुर्गापर्यंत, तीन लाख आठ हजार चौरस किलोमीटरवर, कुठेही जागा न सोडता. थर चढतो. कळसूबाई बुडाले. थर चढतो. विमाने उडतात ती उंची गेली. थर चढतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक चारशे किलोमीटरवर फिरते, ते तांदळात गडप झाले. आणि अजून निम्मे बाकी आहे! थर थांबतो आठशे किलोमीटरवर. एका बादलीतल्या एका लिटरच्या रेणूंचा हा ढीग.

हे रेणू घडवले कोणी? त्या कपभर पेशींनी. वाटणी करा. प्रत्येक पेशीच्या वाट्याला दहा लाख कोटी रेणू. चार दिवसांचे सेकंद साडेतीन लाख. भाग दिला की एका पेशीने, एका सेकंदात, घडवलेले रेणू येतात तीन कोटींच्या घरात! मुंबईच्या लोकल गाड्या करोनाआधी दिवसाला सुमारे पंचाहत्तर लाख प्रवासी वाहून नेत. चर्चगेट, शिवाजी टर्मिनस, विरार, कर्जत, कसारा, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत. ती सगळी गर्दी, चार दिवसांची, एका सेकंदात, सहा मायक्रॉनच्या एका दारातून. पुढच्या सेकंदाला पुन्हा. त्याच्या पुढच्या सेकंदाला पुन्हा. आणि अशी दारे एक लाख कोटी.

आता शेवटचा हिशेब, आणि तो एकाच पेशीचा. साखर भरपूर, ऊब बेताची, जागा मोकळी असली की यीस्टची पेशी सुमारे दीड तासात दुप्पट होते. समजा घटस्थापनेच्या सकाळी आपण एकच पेशी सोडली आणि तिला कधीच काही कमी पडू दिले नाही. अडीच दिवसांत चाळीस दुपटी होतात आणि त्या एकीच्या लाख कोटी होतात. तिसरा दिवस सरताना वीस लिटरची बादली नुसत्या यीस्टने भरली. चौथा दिवस संपण्याआधी विहीर भरली. पाच दिवस उलटले, सहाव्याचे सहा तास गेले, की गोसीखुर्द भरले, सांडव्यापर्यंत. आठव्या दिवसाच्या अखेरीला त्या यीस्टचे वजन पृथ्वीच्या वजनाला भिडले! समुद्र, सह्याद्री, हिमालय आणि पोटातले लोखंड यांच्यासकट पृथ्वी एका पारड्यात, आणि दुसऱ्यात यीस्ट. पुढे सत्तावीस-अठ्ठावीस तास. अठरा दुपटी. नऊ दिवस पूर्ण झाले, दसरा उजाडला, आणि पारड्यात आहे सूर्य! तीन लाख तेहतीस हजार पृथ्व्यांचा सूर्य, आणि त्याला तोलून धरणारे एका पेशीचे वंशज.

एक ते सूर्य, एकशे चव्वेचाळीस दुपटी. आपले अकरा ग्रॅमचे पाकीट या जिन्याच्या सदतिसाव्या पायरीवर उभे असते. बादलीत टाकले की ते तीन पायऱ्या चढून चाळिसाव्या पायरीवर पोचते. पुढच्या एकशे चार पायऱ्या चढायला त्याला फक्त साखर कमी पडते.